दुपारच्या भुकेची वेळ

भूम तालुक्यातल्या माझ्या माहेरी पेरणीच्या दिवसांत गडी पहाटेच्या चांदण्यात औत धरायचा. उन्हं चढली की बैलांना धाप लागते, म्हणून दुपारच्या आत औत सोडावंच लागे. भाकर खायची ती तेव्हा. माणसाला भूक लागली म्हणून नव्हे, बैल थांबले म्हणून. घरातली बाई त्या अंदाजानं चुलीपासून उठायची आणि डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी घेऊन बांधाबांधानं शेत गाठायची. पाटीत फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, असलंच तर कोरड्यास, नाहीतर शेंगांची चटणी नाहीतर ठेचा, आणि गाडग्यात ताक किंवा आंबील. कांदा तिथंच बुक्कीनं फोडायचा. एवढं झालं की रात्रीच्या जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

मी कळंबच्या मोंढ्यात एका आडत दुकानात हिशेब लिहिते. सकाळी दहाला खुर्चीत बसते. सोयाबीनच्या हंगामात उठायला रात्रीचे आठ वाजतात. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन दहा किलोनं उतरवायला सांगितलं, आणि मग कळलं की सगळ्यात अवघड वेळ सकाळची नाही, रात्रीचीही नाही. ती दुपारी चारची आहे. सौदे झालेले असतात, काट्यावरून वजनाच्या चिठ्ठ्या आलेल्या असतात, समोर शेतकरी पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाची, वाट पाहत बसलेले असतात आणि पोटात कालवाकालव सुरू होते. ही चारची भूक आमच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात आली कधी, कुठून आली, हे शोधताना मला जे सापडलं ते इथं लिहिते आहे. वजन उतरवायला निघालेल्या प्रत्येक कामकरी माणसाला ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

शरीराची बाजू आधी. भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक १९९९ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ते जठरात तयार होतं. त्याची एक खोड नंतरच्या अभ्यासांतून लक्षात आली: आपण रोज ज्या वेळी खातो, त्या वेळेच्या थोडं आधी ते वाढतं, आणि त्या वेळी काही खाल्लं नाही तरी काही वेळानं आपोआप उतरतं. म्हणजे भुकेला सवय लागते, आणि सवय लावतो तो आपला कामाचा दिवस. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. औत सुटायच्या वेळेला आजोबांच्या पोटात कावळे ओरडत आणि एरवी ते दिवसभर भुकेचा शब्द काढत नसत, असं ती सांगायची.

पण त्या जुन्या दिवसाचे मी गोडवे गाणार नाही. दोन वेळच्या मधला काळ निभावायला भाकरीबरोबर तंबाखूही होती. गडी चुना मळायचे, बायका मिश्री लावायच्या. तंबाखूनं भूक मरते हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं आणि पुष्कळांनी ती त्याचसाठी धरली. त्यात किती जणांची तोंडं आणि जबडे गेले हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. माझ्या वयाच्या काही बायका वजन वाढू नये म्हणून आजही मिश्री सोडत नाहीत. त्यांचा हात धरून सांगावंसं वाटतं, की वाढलेलं वजन त्याहून परवडलं.

आणि ज्यांच्याकडं औतच नव्हतं त्यांच्या दुपारचं काय? १८७६-७८च्या दुष्काळात आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शेजारचं सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. पाऊस दोन्हीकडं सारखाच रुसलेला. इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि १८७७च्या सुरुवातीला सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आवरण्यासाठी मजुरीचं माप खाली आणलं: गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या मापावर राबायला नकार दिला आणि ते कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या शिध्यावर राबणारा माणूस टिकणार नाही असं सरकारला बजावलं.

एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण साडेतीनशे कॅलरी धरल्या तर दिवसाच्या झाल्या सोळाशेच्या आत. माझ्या डॉक्टरांनी मला जो आहाराचा तक्ता दिला त्यावर पंधराशे लिहिलेलं आहे. हा हिशेब मी पट्टीच्या कोऱ्या पाठीवर मांडला तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. पंख्याखाली खुर्चीत बसून आकडे लिहिणाऱ्या बाईचं वजन उतरावं म्हणून जेवढं अन्न ठरवलं जातं, जवळपास तेवढ्यावर त्या वेळी गड्यांनी उन्हात खडी फोडावी अशी अपेक्षा होती. भूक ताब्यात ठेवण्याबद्दल कोणी सहज बोलायला लागलं की मला हा आकडा आठवतो. माझ्यापाशी संध्याकाळी घरी जाऊन जेवायची खात्री आहे. ती खात्री नसेल तर कमी खाण्याला कुठलंही शास्त्र सांगता येत नाही.

१९७२चा दुष्काळ माझ्या आईनं अंगावर काढला. ती तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. त्या दुष्काळात राज्यभर सरकारी कामांवर राबणाऱ्यांची संख्या मे १९७३मध्ये पन्नास लाखांच्या घरात गेली होती. रोजगार हमी योजना त्यातूनच राज्यभर उभी राहिली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७७च्या कायद्यानं हक्क झाली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आईच्या आठवणीत मात्र कायदा नाही, सुकडी आहे. भाजलेलं गोडसर पीठ, तेलाचा वास येणारं, ओंजळीत घ्यायचं आणि पाण्याचा घोट घेत घेत खायचं. घरी अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची, म्हणून पिठात ऊन पाणी जास्त घालावं लागे, आणि एवढं करून ती घशाखाली उतरत नसे.

तिला मी एकदा विचारलं, कामावर असताना मधेच भूक लागली तर काय करायचीस?

"भूक लागली म्हनून कुनी खात नव्हतं, पोरी. सुट्टी झाली की खायाचं. तवर डोकं वर काडायचं न्हाई. खड्ड्याच्या मापावर पैसं हुतं."

लुगड्याचा कासोटा घट्ट आवळला की पोटातली कळ जरा दबते, हेही तिनंच सांगितलं. आपल्याला वजन कमी करायचं आहे हे आईला सांगायला मी बरेच दिवस धजत नव्हते. सांगितलं तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कमी खा, पर येळ चुकवू नगंस. येळ चुकली की मानूस काय बी खातं." इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपखुशीनं उपाशी राहणंही आमच्या मातीत जुनंच. तुळजापूरच्या भवानीच्या नवरात्रात घरोघर नऊ दिवसांचे उपवास असतात. गोरोबाकाकांच्या तेरमध्ये एकादशी पाळणारी कितीतरी घरं आहेत. आणि माझ्या माहेरच्या तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. तिथं आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाचं व्रत, घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. लहानपणी त्या डोंगरावर गेलं की मोठी माणसं आवाज खाली आणून त्यांचं नाव घ्यायची. त्याच परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा लांबलांबचे लोक घेऊन जातात. आम्हा मुलांना डोंगराची आणि पेढ्याची, दोन्हीची गोडी होती. पण या उपवासांचा वजनाशी संबंध लावणं मला पटत नाही. ते मनाच्या दुसऱ्या कामासाठी असतात. आणि वजनापुरतंच बोलायचं तर साबुदाण्याच्या खिचडीत साध्या भाकरीपेक्षा कॅलरी जास्त भरतात, कारण दाण्याचं कूट आणि तूप. उपवासाला भगर, ताक आणि उकडलेलं रताळं घेणाऱ्या जुन्या बायका त्या मानानं पोटाला हलक्या राहायच्या.

मग चारची भूक आली कुठून? माझं उत्तर चहा असं आहे. चहाचा खप वाढावा म्हणून सरकारनं १९०३ सालीच चहावर उपकर बसवला होता; त्या पैशातून पुढं, विशेषतः १९३०च्या दशकात, गावोगाव चहाचा प्रचार झाला. आमच्या गावात मात्र तो उशिरा पोचला. आई सांगते की दुष्काळी कामावर रस्ता झाला, रस्ता झाला म्हणून फाटा झाला आणि फाट्यावर पहिलं चहाचं हॉटेल निघालं. घरात उस्मानाबादी शेळी होतीच. पाहुण्याला आधी गूळपाणी देत, त्या जागी शेळीच्या दुधाचा चहा आला. काही वर्षांत शेतातल्या भाकरीच्या आधी एक आणि नंतर एक अशी किटली जायला लागली. औताच्या जागी ट्रॅक्टर आला तसं दुपारी थांबायचं कारणच संपलं. ट्रॅक्टरला धाप लागत नाही. भाकरीची वेळ ढिली पडली आणि चहाची पक्की झाली.

मोंढ्यात तर चहा हा व्यवहाराचा भाग आहे. माल उतरला की चहा, सौदा झाला की चहा, काटा झाला की चहा, पट्टी हातात पडताना चहा. शेतकऱ्याला चहा न विचारणारी आडत टिकत नाही, आणि तसं असणंच बरोबर आहे. वर्षाचं पीक घेऊन आलेल्या माणसाचा मान ठेवलाच पाहिजे. पण पोऱ्या कप घेऊन येतो तेव्हा एक कप लिहिणाऱ्या बाईपुढंही ठेवतो. छोट्या कपात दीड चमचा साखर धरली तर सहा-सात ग्रॅम. सहा कप झाले की चाळीस ग्रॅम साखर, तीही मधल्या वेळेत, पोट रिकामं असताना. ती रक्तात पटकन चढते, पटकन उतरते आणि उतरताना पुन्हा काहीतरी मागते. मग चहाबरोबर बिस्कीट, बिस्किटामागून कोपऱ्यावरची भजी. एवढं खाऊनही, आज दुपारी काही खाल्लंच नाही असंच मला वाटायचं.

या भुकेवरचा एक उपाय शेजारूनच आला. लातूर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढं नेला आणि घराघरात पोचवला: कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा याखेरीज काही घ्यायचं नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. यामागं इन्शुलिन वारंवार स्रवू नये हा विचार आहे. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं, पण घरचं आणि आपल्या भागातलं खा असं सांगत होत्या. दीक्षित की दिवेकर यावर महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद झाले.

मला विचाराल तर आमच्या भागात दीक्षितांचं म्हणणं इतकं चटकन रुजलं याचं कारण ते आमच्याच आजा-पणजाचं वेळापत्रक होतं. औताच्या जागी चालणं आलं एवढाच फरक. दिवेकरांचं ज्वारी-ताक-शेंगदाण्यावरचं प्रेमही मला तितकंच आपलं वाटतं. दर दोन तासांनी खाणं मात्र मोंढ्यात जमत नाही, कारण तिथं दर दोन तासांनी जे हाताशी येतं ते भजी असतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी यातलं काहीही आपल्या मनानं करू नये. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेततं. आमच्या शेजारच्या दुकानात घाम फुटून कोसळलेला माणूस मी पाहिला आहे.

माझा डबा आता सौदे सुरू व्हायच्या आत, साडेअकराला उघडतो. दीड भाकर, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, मुळा किंवा काकडी, शेंगांची चटणी चमचाभर आणि बाटलीत ताक. भाकर मी मुद्दाम आदल्या रात्रीची नेते. चावायला वेळ लागतो आणि वीस मिनिटं सहज जातात. थंडीत हुलग्याचं माडगं थर्मासमध्ये असतं. हुलग्यात प्रथिनं भरपूर असतात आणि त्या आधारावर दुपार निघते. चार वाजले की कालवाकालव होतेच. ती होणार हे मला माहीत आहे, म्हणून त्या वेळेचं काम मी बदललं. पट्ट्यांचा गठ्ठा उचलायचा, काट्यापर्यंत स्वतः चालत जायचं, हमालांच्या नोंदी तिथंच उभ्यानं ताडून घ्यायच्या आणि परत यायचं. परतल्यावर जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक. अर्ध्या तासात पोट शांत होतं. पहिले काही आठवडे होत नव्हतं, डोकं दुखायचं, आकड्यांवरून नजर घसरायची. मग हळूहळू भुकेनंच आपली वेळ साडेअकरावर आणून ठेवली. वजन महिन्याला किलोभर उतरतं, कधी तेवढंही नाही, आणि डॉक्टर म्हणतात हाच वेग बरा.

काट्यावर उभी राहायला लागल्यापासून हमालांची दुपार मला जवळून दिसते. साठ साठ किलोचं पोतं पाठीवर घेऊन थप्पीची फळी चढणाऱ्या माणसाला दीड भाकरीत भागवा म्हणणं हे पाप आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली ती याच जाणिवेनं: राबणाऱ्याला राबायच्या जागेजवळ, परवडेल अशा दरात, पोटभर मिळालं पाहिजे. आमच्याकडं तसं काही नाही. हमालांच्या डब्यात बहुतेक चपाती असते, कारण रेशनला गहू मिळतो. आमचे जुने हमालमामा म्हणतात, "ताई, चपाती दोन वाजताच संपती बघा पोटात. भाकर असली की दिस मावळंतवर दम धरती." त्यांनी कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही. जाडसर दळलेली ज्वारी कोंड्यामुळं सावकाश पचते, हे ते पाठीवरच्या पोत्यावरून सांगतात.

पण ज्वारी आहे कुठं? मोंढ्यात सोयाबीनच्या थप्प्या छताला लागतात आणि ज्वारीचा ढीग कोपऱ्यात. मालदांडी, जिची निवड शेजारच्या मोहोळच्या केंद्रावर झाली, ती परंडा, भूम, वाशीच्या काळ्या रानात अजून चांगली येते. पण काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पोरं नाहीत, आणि कडब्यासाठी जनावरंही उरली नाहीत. जी ज्वारी गरिबाचं धान्य होती ती रेशनच्या गव्हापेक्षा कितीतरी महाग झाली.

गेल्या रब्बीनंतर परंड्याकडची मालदांडी दुकानात उतरली तेव्हा मी मालकांना विचारून दोन कट्टे सौद्याच्या भावानं बाजूला काढून घेतले. एक माझ्या घरी गेला. दुसरा हमालांनी आपसांत वाटून घेतला. पैसे आठवड्याच्या हिशेबातून वळते होतात आणि त्याचं खातं मी वेगळ्या पानावर मांडलं आहे. हमालमामांनी पुढच्या सुगीला चार कट्टे लिहून ठेवायला सांगितलंय.